निर्व्यसनी गुळव्याचं यकृत

प्रमाणपत्र

प्रमाणित करण्यात येते की, श्री. यल्लाप्पा निंगाप्पा मजुकर, वय वर्षे छप्पन्न, धंदा शेती व गुऱ्हाळावर गुळव्या, उंची पाच फूट चार इंच, बांधा भरदार, हे या गावचे कायमचे रहिवासी असून समितीच्या चांगल्या परिचयाचे आहेत. सदर इसमास दारू, तंबाखू, विडी, गुटखा, मटका, पत्ते अथवा अन्य कोणत्याही प्रकारचे व्यसन नाही व पूर्वीही नव्हते. सबब त्यांच्या यकृतास आलेली सूज व्यसनामुळे आली आहे असे कोणी समजू नये. हे प्रमाणपत्र त्यांच्या मागणीवरून, वैद्यकीय कामी उपयोगी पडावे म्हणून देण्यात येत आहे.

सही, अध्यक्ष, ग्राम व्यसनमुक्ती समिती. खाली गोल शिक्का. शिक्का कानडीत, कारण संकेश्वरच्या दुकानात तोच लगेच मिळाला.

डॉ. केतकी किल्लेकर यांनी बेळगावच्या टिळकवाडीतल्या आपल्या दवाखान्यात हा कागद दोनदा वाचला. मग सही बघितली, मग समोर बसलेल्या माणसाकडे बघितलं, मग पुन्हा सही बघितली.

"हे तुम्हीच तुम्हाला दिलंय?"

"अध्यक्ष मी हाय न्हवं," यल्लाप्पा म्हणाला. "दुसऱ्याची सही कशी चालंल?"

"मी फक्त विचारलं होतं, दारू घेता का. नाही म्हणालात, मी नाही लिहिलं. विषय संपला होता."

"नुसतं न्हाय तर समदीच म्हणत्यात, डॉक्टर. आमचा भरमाबी म्हणतोय."

शेजारी बसलेल्या रूपालीनं, म्हणजे यल्लाप्पाच्या मुलीनं, डोळे मिटून घेतले. ती बेळगावातच एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. माणसांच्या रक्तात काय काय सापडतं याची तिला सवय आहे, वडिलांच्या डोक्यात काय सापडेल याची नाही.

आमचं गाव निपाणीहून संकेश्वरकडे जाताना हमरस्त्यापासून जरा आत आहे. गावात मारुतीचं देऊळ आहे, देवळावर भोंगा आहे, आणि गेली नऊ वर्षं दर शनिवारी आरती झाली की त्या भोंग्यावरून आठवडाभरात पिऊन सापडलेल्यांची नावं वाचली जातात. दंड नाही, मार नाही, नुसतं नाव. ही कल्पना यल्लाप्पाची आणि वाचणारा आवाजही त्याचाच. भरमाचं नाव आजवर एक्केचाळीस वेळा वाचून झालं आहे. भरमा यल्लाप्पाच्याच गुऱ्हाळावर चुलवाणात, म्हणजे भट्टीत, उसाची चिपाडं सारायला असतो. दिवसभर तो सरळ असतो. संध्याकाळी सातनंतर त्याची खात्री देता येत नाही. नाव वाचून झालं की तो पायरीवरून हात वर करून "हजर!" म्हणतो, आणि यल्लाप्पाचा पारा चढतो.

तेव्हा पंचाईत काय झाली ते लक्षात येईल. नोव्हेंबरात शाळेत आरोग्य शिबिर झालं. फुकट रक्त तपासतात म्हणून सगळं गाव दंड पुढे करून बसलं, अध्यक्ष म्हणून यल्लाप्पा पहिला. आठ दिवसांनी कागद आला: यकृताला सूज दिसते, पुढील तपासणी करून घ्यावी.

आमच्या भागात यकृत म्हणून कुणी ओळखत नाही, लिव्हर म्हणतात, आणि तिच्याबद्दल माहिती एकच. ती दारूनं जाते. 'त्याची लिव्हर गेली' असं कानावर आलं की लोक 'कशानं' विचारत नाहीत, 'दहावा कधी' एवढंच विचारतात. नऊ वर्षं भोंगा हातात धरलेल्या माणसानं तो कागद घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि बायकोला सांगितलं, "पित्त झालंय."

अक्काताईनं विचारलं, "कागदावर लिवलंय व्हय, पित्त?"

"विंग्रजीत हाय. तुला न्हाय कळायचं."

त्यानं दवाखाना गाठला नाही. दवाखान्यात गावची माणसं भेटतात. त्यानं स्वतःच विचार केला, आणि तो विचार त्याच्या दृष्टीनं अगदी सरळ होता. सूज म्हणजे उष्णता. उष्णतेला थंड पाहिजे. काविळीत अख्खा मुलूख उसाचा रस देतो, म्हणजे लिव्हरला उसाचा रस चालतो. आणि रस कुठून आणायचा हा प्रश्न ज्याला कधीच पडणार नाही असा आमच्या गावात एकच माणूस होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज सकाळी दोन मोठे ग्लास आलं-लिंबू पिळून, दुपारी एक, भाकरीबरोबर वाटीभर काकवी. पथ्य म्हणून त्यानं चहा सोडला.

याखेरीज धंद्याचा गूळ होता, तो वेगळा. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा मुख्य. काहिलीतला रस आटत आला की काहील नेमकी कोणत्या क्षणी उतरायची ते तो सांगतो. मिनिटभर लवकर उतरली तर गूळ बसत नाही, मिनिटभर उशीर झाला तर करपतो. दिवसाला सहा आधणं, म्हणजे सहा काहिली निघायच्या आणि प्रत्येकीला यल्लाप्पाचं बोट आत. शिवाय आमच्याकडची रीत अशी, की वाफ्यात, म्हणजे निववायच्या हौदात, ओतलेला गूळ जरा आळला की ज्याचा ऊस त्यानं पहिला गोळा स्वतःच्या हातानं गुळव्याला द्यायचा. गुळव्यानं तो खायचा आणि मान हलवायची. गोळा नाकारला तर गूळ बिघडला असा अर्थ. यल्लाप्पानं तीस वर्षांत एकदाही नाकारलेला नाही. पहिला गोळा एकच असतो, पण दुसरा मागायला बंदी नाही.

फेब्रुवारीत रूपाली सुट्टीला आली आणि धुण्याला टाकलेल्या बंडीत तिला तो कागद सापडला. पुढचा अर्धा तास अक्काताईनं शेजारच्या मालुबाईला ऐकू जाऊ नये म्हणून मिक्सर चालू ठेवला होता.

"आप्पा, तीन महिने? तीन महिने तुम्ही हे खिशात घेऊन फिरताय?"

"औषद चालूच हाय की."

"कुठलं औषध?"

त्यानं सांगितलं. रूपाली खाली बसली.

बेळगावात सोनोग्राफी झाली, यकृत किती कडक झालंय ते बघायच्या वेगळ्या यंत्राखालीही झोपवून झालं. डॉक्टरबाईंनी दारूचं विचारलं, यल्लाप्पाचा अपमान झाला, तो तपासणी अर्धी टाकून गावी आला. चार दिवसांनी परत गेला तो वर दिलेलं प्रमाणपत्र घेऊन.

"हे बघा," डॉ. केतकी म्हणाल्या आणि त्यांनी प्रमाणपत्र फाइलीला लावलं, कारण वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं. "तुम्ही दारू पीत नाही यावर माझा विश्वास आहे. तुमच्या यकृताला त्यानं काही फरक पडत नाही. त्यात चरबी साठलीय आणि ते कडक व्हायला लागलंय. अजून मागे फिरता येईल. वर्ष-दोन वर्षं असंच चाललं तर येणार नाही. गूळ किती खाता?"

"खात न्हाय. चाखतो."

"किती?"

"चाखाय पुरता."

डॉक्टरबाईंनी रूपालीकडे बघितलं. रूपाली म्हणाली, "मी मोजते."

मोजायची पद्धत रूपालीनं शोधली ती अशी. एक दिवस यल्लाप्पानं जेवढा गूळ तोंडात टाकला असता तेवढाच स्टीलच्या डब्यात टाकायचा. डबा भरमानं धरायचा. भरमाला आयुष्यात इतकं आवडीचं काम मिळालं नव्हतं. तो चुलवाण सोडून काहिलीभोवती डबा घेऊन फिरत होता.

"अण्णा, आत्ता बोट चाटलं. ते डब्यात घाला."

"ते चुकून गेलं रं."

"माझंबी चुकूनच जातंय सातला. भोंग्यावर तरीबी वाचताय न्हवं?"

संध्याकाळी डबा काट्यावर ठेवला. चारशे तीस ग्रॅम. रस आणि काकवी धरली नव्हती.

"ताजा गूळ जड भरतोय," यल्लाप्पा म्हणाला.

त्यावर रूपालीनं जे सांगितलं ते तिनं गुऱ्हाळाच्या ओट्यावर बसून सांगितलं, कारण दवाखान्यातलं त्याच्या कानात राहत नव्हतं.

"आप्पा, ऊस आला की पहिला कुठं जातो?"

"घाण्याकडं."

"तसं पोटातून निघालेलं रक्त आधी लिव्हरकडं जातं. सगळा माल तिच्या दारातून आत. पुढं हृदयाकडं काय सोडायचं ते ती ठरवते. रसावरची मळी कोण काढतं?"

"मी. भेंडीचं पाणी मारून."

"रक्तातली घाण ती काढते. गोळ्या-औषधं, दारू, आतड्यातून आलेलं विष, सगळं. तेल-तूप पचायला रोज पाऊण लिटरभर पित्तरस करते. बोट कापलं तर रक्त थांबतं, ते थांबवायचा मसालाही तीच करते. एवढी कामं आहेत. आणि तिच्याकडं साखर ठेवायला एक कोठार आहे, शंभरेक ग्रॅमचं. उपाशी असलात की त्यातनं काढून देते. तुम्ही दिवसाला किती पाठवता?"

यल्लाप्पानं डब्यावर झाकण ठेवलं.

"कोठार भरलं की उरलेल्याची ती चरबी करते. थोडी बाहेर पाठवते, थोडी तिच्याच अंगात राहते. साखरेचा अर्धा भाग तर असा असतो, की तो बहुतेक तिलाच निस्तरावा लागतो. आणि तुम्ही सूज उतरावी म्हणून तिच्यावर रस ओतताय. तीन महिने!"

"म्हंजे आत एक गुळव्या बसलाय म्हण की."

"हो. आणि त्याला तुम्ही तीन पाळ्या राबवताय."

हे त्याला लागलं. गुळव्याला तीन पाळ्या कुणी राबवत नाही, तसा दंडकच आहे. "मग त्यो बोंबलत कसा न्हाई? मला कधी दुखलं न्हाई," तो म्हणाला.

"आतनं तिला दुखायची सोयच नाही. दुखायला लागेपर्यंत बहुतेक उशीर झालेला असतो. कापून काढली तरी परत वाढते एवढी सोशीक आहे. पण एकदा वण पडून दगड झाली, की काही होत नाही."

"करपलेली काहील," यल्लाप्पा म्हणाला. करपलेल्या आधणाला औषध नाही, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं गोड बंद केलं. रस सोडणं सोपं होतं, काकवीही सुटली. पहिला गोळा मात्र नाकारता येईना, आणि का नाकारतो ते सांगताही येईना. मग त्यानं गोळा घेऊन गालात धरायचा आणि घाण्यामागे जाऊन थुंकायचा असा मार्ग काढला. निम्मा आतच जायचा. तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं ठणकायला लागलं. घाण्यावरच्या माणसांवर ओरडला, अक्काताईवर ओरडला, भाकरी कडक आहे म्हणून ताट सरकवलं. हे सगळं भरमा चुलवाणापाशी बसून बघत होता.

"अण्णा," तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मला ठावं हाय ह्ये. मी दोनदा सोडलीया. चौथ्या दिवशी लई हुतंय. मग उतरतंय. पाणी प्या, फुटाणं खावा, आन माणसांत बसू नका."

"तुझं आन माझं येक न्हाय!"

"न्हाय कसं? माझी लिव्हर चांगली हाय," भरमा म्हणाला.

हे खरं होतं, आणि यल्लाप्पाला त्या आठवड्यात सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला. भरमाची मूतखड्यासाठी जानेवारीत सोनोग्राफी झाली होती आणि रिपोर्टात यकृताच्या पुढे 'नॉर्मल' असं छापलेलं होतं. भरमानं तो रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून झोपडीत टांगला होता. यल्लाप्पानं डॉ. केतकींना फोन करून विचारलं, की बावीस वर्षं पिणाऱ्याची लिव्हर नॉर्मल आणि माझी सुजलेली, हा काय न्याय आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, सोनोग्राफीत सगळं दिसत नाही, त्यांचा हिशेब पुढे कधीतरी होईल, तुमचा आज चालू आहे. आणि न्यायाचं मला विचारू नका, बाहेर सतरा पेशंट बसलेत.

चौथ्या दिवशी नागेंद्रचा ऊस होता. नागेंद्र तापट माणूस, दोन एकर ऊस, आणि भोंग्यावर त्याचंही नाव दोनदा वाचलेलं. आधण उतरलं, वाफ्यात गूळ आळला, सोन्यासारखा रंग. नागेंद्रनं गोळा करून पुढे धरला.

यल्लाप्पानं हात पुढे केला नाही. गालात धरला तरी निम्मा आत जातोच, तेव्हा आजपासून घ्यायचाच नाही असं त्यानं ठरवलं होतं.

"घ्या की अण्णा."

"राहू दे. गूळ चांगला झालाय."

"चांगला झालाय तर खात का न्हाई?"

"सांगितलं न्हवं, चांगला झालाय."

"तीस वर्सं खाताय समद्यांचा, आन माज्याच आधणाला राहू दे? बिगडला आसंल तर तोंडावर सांगा! उद्या बाजारात बोट दावत्याल लोकं!"

घाणा थांबला. माणसं गोळा झाली. नागेंद्रनं तोच गोळा स्वतःच्या तोंडात टाकला आणि बिघडल्याचं काही सापडतंय का ते सगळ्यांसमोर शोधायला लागला. सापडेना, त्यामुळे जास्तच चिडला. यल्लाप्पासमोर एवढंच उरलं होतं: गोळा खायचा, किंवा तोंड उघडायचं. नागेंद्रनं दुसरा गोळा केला, मुद्दाम मोठा, आणि अगदी ओठांपाशी आणला. ताज्या गुळाच्या वासानं यल्लाप्पाचं तोंड पाण्यानं भरलं. भरमानं डबा उचलला.

"लिव्हरला सूज हाय माझ्या," यल्लाप्पा म्हणाला. "गूळ बंद केलाय डॉक्टरनं."

नागेंद्रनं गोळा खाली केला आणि अगदी शांतपणे विचारलं, "आन आमची नावं भोंग्यावर?"

शनिवारी देवळात कधी नव्हे इतकी गर्दी होती. अक्काताई म्हणाली, "अवो, जाऊ नका. ताप आलाय म्हणून सांगते." यल्लाप्पा म्हणाला, तसं बाकीचेबी सांगतात. आरती झाली, त्यानं भोंग्याचा माइक घेतला, खाकरला, आणि नेहमीच्या आवाजात वाचलं: "यल्लाप्पा निंगाप्पा मजुकर. गूळ. रोज चारशे तीस ग्रॅम. रस वेगळा. सोडून चार दिस झाले. डोकं दुखतंय." मग पुढचं नाव: "भरमा."

"हजर!" भरमा म्हणाला, पण त्या दिवशी त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

आता गोष्ट इथं नीट संपायला हरकत नव्हती. पण गावाला ती पटली नाही. गुळानं लिव्हर सुजते हे आमच्याकडे कोण ऐकून घेणार? गूळ देवाला चालतो, बाळंतिणीला चालतो, उन्हातून आलेल्याला पाण्याबरोबर देतात. सोमवारपर्यंत गावाचा निकाल लागला होता: अण्णा चोरून पीत होता, आणि काय हुशार माणूस बघा, नाव गुळाचं घेतलं. मालुबाईनं अक्काताईचा हात धरून सांगितलं, की वैनी, तुम्ही इतकी वर्षं कसं सोसलंत. अक्काताईनं तिला तीन वेळा समजावलं. चौथ्या वेळी मिक्सर लावला.

दोघांनी मात्र विश्वास ठेवला. एक भरमा, कारण त्याला लक्षणं ओळखता येत होती. दुसरा नागेंद्र, कारण त्या दिवशी बोट न चाटता उतरवलेलं त्याचं आधण बाजारात पहिल्या नंबरात गेलं. यल्लाप्पानं काहिलीतला नुसता थेंब थंड पाण्यात टाकून गोळी वळली होती आणि ती काहिलीच्या काठावर मारून आवाज ऐकला होता. म्हणजे धंद्याला चाखण्याची गरज नव्हतीच. हे कळल्यावर दोन दिवस तो दुपारची भाकरी चुलवाणापाशी एकटाच खात होता. तीस वर्षं आपण काम करतोय असं समजून जे केलं, त्यातलं किती काम होतं, याचा हिशेब त्यानं मांडला असावा. मला विचारायचा धीर झाला नाही.

मे महिन्यात पुन्हा तपासणी झाली. वजन सात किलो उतरलं होतं, रक्तातले आकडे खाली आले होते, यंत्रात यकृत पूर्वीपेक्षा मऊ दाखवत होतं. डॉ. केतकी म्हणाल्या, चरबी अजून आहे, वर्षभर असंच चालू ठेवा, पण दिशा बरोबर आहे. अक्काताईला भरून आलं. तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "तोंड गोड करा, डॉक्टर." पाच किलोची ढेप होती, नागेंद्रच्या उसाची. डॉक्टरबाईंनी डोक्याला हात लावला. रूपालीनं डोळे मिटले. यल्लाप्पानं ढेपेकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं, आणि तसाच बघत राहिला.

अध्यक्ष अजून तोच आहे, दुसरं कुणी तयार नाही. गाव म्हणतं, दारू सोडली म्हणून अण्णा वाचला, आणि भोंग्याचा गुण येतो याला त्याचंच उदाहरण देतं. भरमा आता आठवड्यातून चार दिवस सातनंतरही सरळ असतो, हे तो स्वतः सांगतो.

प्रमाणपत्र डॉक्टरबाईंनी फाइलीसकट परत दिलं. ते यल्लाप्पाच्या फडताळात वरच्या कप्प्यात आहे. सही आधण उतरवता उतरवता, गुळाच्या बोटांनी केलेली होती. कागदाला मुंग्या लागल्या आहेत.